खंडेनवमीची सुट्टी

खात्याने ह्यांचं डोकं सोडून बाकीचं सगळं अंग नवीन करून पाठवलं, त्या दिवशी पोलीस लाइनीत नळाला पाणी आलं होतं, म्हणून ते दारात उभे असल्याचं मला उशिरा कळलं. उजव्या हाताच्या जागी बंदुकीची नळी होती. डावा बोटांचा होता. त्या हाताने त्यांनी माझ्या कमरेवरची घागर घेतली.

मार्केट यार्डातल्या गोळीबारात ह्यांचे तुकडे झाले होते, आणि तुकडे खात्याचे असतात असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्यामुळे घरात कुणी रडलं नव्हतं. सासूबाईंनी ह्यांच्या छातीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि ह्यांना पोचवायला आलेल्या फौजदार रणनवरेंना म्हणाल्या, "मुलगा पाठवला होता. पातेलं परत दिलंत."

"पातेलं गंजतं, म्हातारे. हा गंजायचा नाही," फौजदार म्हणाले.

ते दिवस चांगले होते. लाइनीतली दारं उघडी असत. दुपारी बायका अंगणात बसून नवऱ्यांचे पितळी बिल्ले चिंचेने घासत. बिल्ला झाला की मी ह्यांची पाठ घासायला घ्यायची. तंबूतल्या सिनेमात असला अर्धा यंत्राचा पोलीस एका हाताने मोटार उचलायचा. आमच्याकडे शेजारची हिराक्का म्हणायची, "केरबा भावजी, तेवढं जोंधळ्याचं पोतं आत टाका की. खात्यानं एवढा खर्च कशाला केलाय मग?" हे पोतं आत टाकायचे. जेवताना घास तोंडात धरून ठेवायचे आणि चव संपली की ताटाच्या कडेला काढून ठेवायचे. रात्री झोपायचे नाहीत, पण माझ्या शेजारी पडून राहायचे. मी गोधडी ओढली की म्हणायचे, "घे सगळी. मला लागत नाही." आधीच्या अंगातही ते असंच म्हणायचे.

एकच वाईट होतं. त्यांना सुट्टी नव्हती. यंत्र दमत नाही, तेव्हा ज्याची रजा त्याच्या जागी हे. उरूस, मोर्चा, निवडणूक, सगळीकडे हेच. पुढेपुढे ते फक्त बूट बदलायला घरी येत.

त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाई म्हणाल्या, "आज ह्याला कोण नेतंय ते बघतेच."

त्यांनी पाटावर विळी, अडकित्ता, कुऱ्हाड आणि माझं शिवणयंत्र मांडलं. मग म्हणाल्या, "केरबा, बस इथं." हे कुऱ्हाडीशेजारी बसले. सासूबाईंनी ओळीने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, ह्यांच्या नळीलाही लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. हे हलले नाहीत. कुऱ्हाडही हलली नाही.

फौजदार बोलवायला आले तेव्हा सासूबाई दारात आडव्या झाल्या. "हात लावायचा नाही. पूजा झालीय. पुजलेल्या हत्याराला आज कुणी काम लावतं का? तुमच्या ठाण्यातल्या बंदुका तरी आज चालतात का?"

फौजदारांनी बूट काढले, आत येऊन नळीला नमस्कार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे म्हातारे तुझं." आणि गेले.

तो दिवस ह्यांनी पूर्ण घरात काढला. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा ते गुणगुणत होते.

सकाळी फौजदार चार शिपाई आणि बंदुकीचा पट्टा घेऊन आले. "हत्यार घरात ठेवता येत नाही. शस्त्रागारात जमा होतं."

"तो माझा मुलगा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काल काय म्हणालीस?"

सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. आत जीभ नव्हती. सुकलेलं झेंडूचं फूल होतं. शिपायांनी पट्टा ह्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांना खांद्याला अडकवून नेलं. ह्यांचे पाय जमिनीवरून घासत गेले. सासूबाई त्यानंतर बोलल्या नाहीत आणि थंडी संपायच्या आत गेल्या. ह्यांना सोडलं नाही. हत्याराला सुतक नसतं, असं उत्तर आलं.

शस्त्रागारात ह्यांना दोन रायफलींच्या मध्ये टांगलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून त्यांच्या भुवया दिसत होत्या. प्रत्येक खेपेला खोली लांब होत गेली. रायफली वाढत गेल्या आणि हे मागे मागे गेले. डबा नेला तर पहारेकरी म्हणाला, "ह्याला जेवण नाही, वैनी. तेल चालेल." मी तेल नेलं. एकदा आतून हाक आली, "जेवलीस का?" इतक्या लांबून, की मला ती दुसऱ्या दिवशी ऐकू आली.

तेव्हा मी फौजदारांकडे गेले.

"ते माणूस आहेत. माझी चौकशी करतात."

"रेडिओही बोलतो, वैनी. त्याला माणूस म्हणता का?" ते चहा बशीत ओतत होते. "सोपं आहे. हत्यार हुकूम मानतं, माणूस 'नाही' म्हणू शकतो. त्याने एकदा नाही म्हटलं की तो माणूस."

"मग घरी पाठवाल?"

"पण हुकूम मिळून जे उडत नाही ते हत्यार नादुरुस्त. नादुरुस्त हत्यार भट्टीत जातं."

"नाही म्हटलं तर माणूस ना?"

"ते भट्टीतून काय बाहेर येतं त्यावर ठरेल."

"आणि हुकूम कसला?"

"तुमच्यावर गोळी झाडायचा."

खोली आणखी लांबली असती तर मला ते पुन्हा दिसलेच नसते. मी हो म्हटलं.

परेड मैदानाच्या एका टोकाला चुन्याचं वर्तुळ आखून मला त्यात उभं केलं. दुसऱ्या टोकाला ह्यांना आणलं. फौजदारांनी दोन्ही नियम ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, "झाड!"

ह्यांनी नळी उचलून माझ्यावर रोखली. झाडली नाही. 'नाही' असंही म्हटलं नाही.

फौजदार थांबले. मग त्यांनी खुर्ची मागवली. काही वर्षांनी ते निवृत्त झाले, खुर्चीत दुसरे आले, मग तिसरे. दिलेला हुकूम मागे घेता येत नाही. मी वर्तुळाबाहेर गेले तर परीक्षा बुडते आणि हे भट्टीत जातात. हिराक्का होती तोवर भाकरी आणून द्यायची. म्हणायची, "सिनेमात एवढ्या वेळात दोन खलनायक मरतात गं बाई."

दर पावसाळ्यात मैदान आक्रसतं. आधी आम्ही ओरडून बोलायचो. मग साध्या आवाजात. आता कुजबुजलं तरी पुरतं, नळीचं तोंड चुन्याच्या रेघेशी आलंय.

ह्यांचं अंग अजून नव्यासारखं आहे. डोकं मात्र म्हातारं झालंय. ते पेंगतं, आणि ते पेंगलं की अंगाला फक्त हुकूम आठवतो. नळीत आत काहीतरी सरकतं. म्हणून मी बोलत राहते. लाइनीतला नळ, चिंचेने काळी झालेली बोटं, जोंधळ्याचं पोतं, हिराक्काचं हसणं, सासूबाईंची जीभ होती तेव्हाचे त्यांचे टोमणे, सगळं मी जसंच्या तसं सांगते. काही विसरलं तर तेवढ्या जागी गप्प व्हावं लागेल, म्हणून मी काही विसरत नाही. हे डोळे उघडतात. विचारतात, "मग?"

आज सकाळपासून त्यांनी "मग?" विचारलेलं नाही. ते गुणगुणत होते त्या संध्याकाळचं मी सांगितलं, पुन्हा सांगितलं. हनुवटी छातीवर टेकलेली आहे. खुर्चीतले साहेब उठून उभे राहिलेत आणि टोपी नीट करतायत. नळीत एकदा सरकलं. मग दुसऱ्यांदा. तेवढ्यात मला दिसलं की ह्यांचा उजवा हात दमलाय, आणि नळी थोडी खाली आलीय.

मी चुन्याच्या रेघेपर्यंत पुढे झाले. वाकून नळीचं तोंड गळ्याखालच्या खळगीत टेकवून घेतलं आणि सरळ झाले. हाताचं सगळं ओझं माझ्यावर आलं.

"ठेवा," मी म्हटलं. "मी धरलाय."