ढग पळवणारी दगडाबाई

शिरूर कासारच्या माळावर सलग तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं, आणि दूध सोसायटीचा चेअरमन भगवानराव कुणाच्या माथी खापर फोडावं ते हुडकत होता. त्यानंच घरोघर तूप गोळा करून पावसासाठी होम घातला होता. थेंब पडला नाही. तेवढ्यात दगडाबाईच्या रानात आभाळातून थर्माकोलची पांढरी डबी पडली, दोऱ्याला फुटक्या फुग्याच्या चिंध्या. झालं, सापडलं की माथं.

"ह्येच ढग पळवायचं यंत्र. हिनं घरात दडवलं," भगवानराव डेअरीच्या ओट्यावर ती डबी मांडून म्हणाला. "मारुतीपुढं नाक घास, तवर तुजं दूध बंद."

नवऱ्यामागं दोन गायींवर घर रेटणारी बाई ती. दूध बंद म्हणजे चूल बंद. पण तोंड तिखट होतं.

"चेअरमनसाहेब, ही हवामानवाल्यांची डबी हाय. माजी लेक अंजना सायन्सला हाय, तिनं वरचा कागद वाचला. हवेचे थर असतेत. ढग, पाऊस, वारं समदं खालच्या थरात. त्याच्या वरच्या थरात उन्हातलं इख गाळलं जातं, न्हाईतर आपली कातडी जळली असती. फुगा तिथं वर जाऊन फुटतो. जाताना गरमी अन् ओल मोजतो, ढगाला कायबी करत न्हाई."

"तू गेलतीस का बघायला?"

ओटाभर हशा पिकला. माप घेणारा सुग्रीवही दात काढत होता. होमाचा धूर ढगापर्यंत पोचतो हे ज्यांना पटलं, तेच हे शहाणे. दगडाबाईचं टाळकं सरकलं.

तिनं ओट्यावरची डबी उचलली, छातीशी धरली.

"बरं. मीच पळवले ढग. आता नीट ऐका. माजं दूध घेतलं न्हाई तर आणखी एक फुगा सोडीन. पुढल्या सालचे बी घालवीन."

कुणी हसलं नाही. भगवानरावानं नजर चुकवली. सुग्रीवानं मुकाट्यानं तिची किटली घेतली आणि दूध मापात ओतलं.

ती परत फिरली तशी माणसं बाजूला सरली. तिच्याच गल्लीतल्या वत्सलाबाईनं कडेवरचं लेकरू पदराखाली झाकलं. दगडाबाईनं ते पाहिलं. आता ही माणसं पाऊस पडेस्तोवर दूध घेतील, आणि नाहीच पडला तर तिच्या दारात येतील. तेव्हा अंजनाचं पुस्तक कुणी ऐकणार नव्हतं. सगळ्यांसमोर तिनं स्वतःच कबूल केलं होतं.