शिंप्याचा डावा हात

अंधारखोली एका मंगळवारी दुपारी बंद झाली. अंधारखोली म्हणजे आमची इंटरनेटवरची जागा. कॅमेऱ्यात रोल घालून फोटो काढणारी आणि ते स्वतःच्या हातानं कागदावर छापणारी तीस-पस्तीस म्हातारी डोकी तिथे जमायची. कुणी कुणाचं खरं नाव विचारलं नाही. एक गोगलगाय होता, त्याला एका फोटोला महिना लागायचा. एक गुरांची डॉक्टरीण होती, तिचे सगळे फोटो गुडघ्याच्या उंचीवरून काढलेले. मी चिमटा. फोटो उमटवणाऱ्या रसायनाच्या, म्हणजे डेव्हलपरच्या ताटलीतून कागद उचलायचा तो चिमटा. पण कुणी वाईट फोटो टाकला की मी जे काढायचे, त्यावरूनही ते नाव मला शोभतं असं सगळ्यांचं मत होतं.

जागा चालवणारा टेलिफोन खात्यातला निवृत्त इंजिनियर. त्यानं सूचना लावली, "डोळ्यांनी दगा दिलाय. पंधरा दिवसांत आपापलं सामान काढून घ्या." मी रोज म्हणायचे, उद्या सुनेला सांगून काढून घेते. सून रुग्णालयात एक्स-रे काढते, तिच्या पाळ्यांचा नेम नाही. पंधरा दिवस गेले आणि मंगळवारी जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे उघडायला गेले, तर पांढरी पाटी. चौदा वर्षांचं बोलणं, माझे दोनशेवर फोटो, सगळं एका दुपारी पुसलं गेलं. मी बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसले.

"आई, जग काय एवढंच आहे का?" सून म्हणाली. "दुसरीकडे जाऊ. ढिगानं असतात असले ग्रुप."

ढिगानंच होते. पहिल्या ठिकाणी लाखभर माणसं आणि लाखभर सूर्यास्त. मी तीन दिवस सूर्य बुडताना पाहिले आणि निघाले. दुसऱ्या ठिकाणी फोटो कुणी टाकतच नव्हतं, नुसते कॅमेरे दाखवायचे, लग्नाच्या मुलीसारखे, पुढून, मागून आणि बाजूनं. तिसऱ्या ठिकाणी मी स्टुडिओतला माझा एक जुना प्रिंट टाकला, तर कुणीतरी विचारलं, "आजी, हा फिल्टर कुठला?"

"सांग त्याला," मी सुनेला म्हणाले, "फिल्टरचं नाव बावीस वर्षं."

बावीस वर्षं मी एका स्टुडिओच्या काळ्या खोलीत छपाई केली. लाल दिवा, तीन ताटल्या आणि दाराबाहेर आमचे मास्तर. मास्तरांचा एकच मंत्र होता: निगेटिव्हची चमकती बाजू दिव्याकडे, मंद बाजू कागदाकडे. कुणी निगेटिव्ह उलटी घातली तर फोटोत डाव्याचं उजवं होतं. असा प्रिंट मास्तर सगळ्यांसमोर फाडायचे आणि तुकडे छापणाऱ्याच्या हातात द्यायचे. माझा त्यांनी एकही फाडला नाही. नव्या माणसाला सांगायचे, "हिच्याकडून शिका. हिच्या हातून उलटं पडत नाही." आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र हेच.

चौथी जागा सापडली तिचं नाव 'कण'. तिथे माणसं दोन-तीनशेच होती आणि बोलणं बरं होतं. चालवणारी एक तरुण बाई होती, पहाटे पाव भाजायची आणि दुपारनंतर फोटो छापायची. मला वाटलं, इथे टेकावं. सुनेनं माझं खातं उघडलं. नाव काय द्यायचं हे ठरेपर्यंत मी खाली खाली बघत गेले, आणि तिथे माझे बाबा दिसले.

माझे वडील शिंपी होते. दुकानाच्या खिडकीपाशी वाकून ते कोट कापताहेत, गळ्यातली टेप पाठीवर टाकलेली, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, उजेड बरोबर कात्रीच्या पात्यावर. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मी काढलेला आणि मीच छापलेला फोटो. अंधारखोलीत मी तो 'बाबा कापताना' म्हणून लावला होता. इथे खाली लिहिलं होतं, 'डावखुरा'. आणि नाव होतं, निवांत.

निवांत आमच्याच अंधारखोलीतला. सहा-सात वर्षांची ओळख. मला चिमटाताई म्हणायचा. त्यानं फोटोखाली गोष्ट रचली होती: तरुणपणी मी एका गावात राहत होतो, तिथे एक डावखुरा शिंपी होता, उजवा हात लहानपणी आगीत भाजला, मग त्यानं जिद्दीनं डावा घडवला. खाली शंभरावर माणसं गहिवरली होती. कुणी लिहिलं होतं, "सर, त्या हातात अख्खं आयुष्य आहे." सरांनी हात जोडले होते.

माझ्या बाबांचा उजवा हात यानं भाजून टाकला होता. तोही अख्ख्या जगासमोर.

सून म्हणाली, "आई, रागावू नका, बीपी वाढेल."

"वाढू दे. आज त्याचा उपयोग आहे."

मी पाववाल्या बाईला लिहिलं. तिचं उत्तर सभ्य होतं: पुराव्याशिवाय मी त्यांना काही विचारणार नाही. काही पुरावा आहे का? अंधारखोलीतली तारीख दाखवता येईल? निगेटिव्ह? अंधारखोली तर पुसलेली. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात होती, आणि स्टुडिओ बंद झाला तेव्हा सगळ्या निगेटिव्ह त्यातली चांदी काढायला गेल्या. माझ्याकडे फक्त प्रिंट. निवांत म्हणणार, प्रिंट काय, कुणीही कुठूनही काढेल.

मी प्रिंट ट्रंकेतून काढला आणि टेबलावर ठेवला. आणि मग सुनेला ते सांगितलं, जे मी अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

"अगं, बाबा डावखुरे नव्हतेच."

"मग हा हात?"

"हा उजवाच आहे. निगेटिव्ह मी उलटी घातली होती."

सुनेनं आधी प्रिंटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्चीत बसून हसत सुटली. "तुम्ही? मास्तरांच्या लाडक्या? आई, आमच्याकडे डावं-उजवं चुकलं ना, तर धडधाकट पायाला प्लास्टर पडतं!"

"हस. मास्तर नव्हते त्या दिवशी, नाहीतर त्यांनी माझाही फाडला असता. कागद एकच उरला होता. मी घरी आणून बाबांना दाखवला, तर त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. शर्ट पाहिला. म्हणाले, 'हे काय? काजपट्टी उजव्या अंगाला? शिंप्यानं बायकी पट्टीचा शर्ट घातलाय! गिऱ्हाइकं म्हणतील, बायकोचा घालून बसलाय.' भिंतीवर लावू दिला नाही तो नाहीच."

पुरुषांच्या शर्टाची काजं डाव्या अंगाला असतात, बटणं उजव्या. बायकांचं उलट. फोटोत सगळं उलटं झालेलं. अंधारखोलीत मी तो लावला तेव्हा कुणाच्याही ध्यानात आलं नाही. या निवांतनंच लिहिलं होतं, "चिमटाताई, तुमच्या वडिलांचा डावा हात काय बोलतो!" मी म्हणू शकले असते, अहो, तो उजवा आहे. म्हटलं नाही. चांगलं म्हणताहेत तर म्हणू दे. स्वतःची चूक कशाला चव्हाट्यावर आणा? तेवढ्या गप्प बसण्यावर त्यानं माझा बाप उचलून नेला.

"मग आत्ताच लिहा ना," सून म्हणाली. "एका ओळीत उघडा पडेल."

"नाही पडणार. म्हणेल, अरे हो, कॉम्प्युटरवर चढवताना उलटा झाला वाटतं. आणि सुटेल. त्याला आधी त्या डाव्या हाताला घट्ट बांधून घेते."

"आणि मग सांगावं लागेल ना, की चूक तुमची?"

तेच तर अवघड होतं. बाबांना सोडवायचं, तर बावीस वर्षांचं माझं प्रशस्तिपत्र त्यांच्या बदल्यात ठेवायला हवं होतं. मी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी खात्याला नाव दिलं, नवशिकी.

नवशिकी फार गोड बाई होती. इतकी की सून वाचून म्हणायची, "ही आमच्या घरात राहायला आली तर बरं होईल." नवशिकीनं लिहिलं, सर, मी या वयात शिकतेय, काही विचारलं तर चालेल ना? सर म्हणाले, अवश्य. मग मी आठवड्याला एक प्रश्न टाकत गेले. सर, डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते म्हणतात, ती त्यांना कुठून मिळाली? सर म्हणाले, लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती, मी स्वतः हातात धरली आहे. सर, ते बटणं शिवायचे तेही डाव्यानंच? अर्थात. सर, गालावर तीळ आहे ना, तो उजव्या? हो, उजव्या, हसले की तो वर सरकायचा.

ते वाचून मी हातातला घास परत ताटात ठेवला. बाबा हसले की तीळ खरंच वर सरकायचा. डाव्या गालावरचा.

तीन महिने झाले. शेवटचा प्रश्न मी चार वेळा लिहून पुसला आणि मग टाकला. "सर, माझी निगेटिव्ह सारखी उलटी पडते. डाव्याचं उजवं होतं. तुमचं कधी होतं का हो?"

तासाभरात उत्तर आलं. "ताई, चाळीस वर्षांत माझी निगेटिव्ह एकदाही उलटी पडलेली नाही. हात बसावा लागतो."

मी सुनेला हाक मारली. ती ओल्या केसांनी बाहेर आली, वाचलं, आणि म्हणाली, "बसला."

पुढच्याच महिन्यात 'कण'वाल्यांनी त्याचं व्याख्यान ठेवलं. रविवारी सकाळी अकराला, प्रत्येकानं आपापल्या घरून पडद्यावर बघायचं. विषय, 'डावखुऱ्याची गोष्ट'. सुनेनं सुट्टी घेतली. जेवणाच्या टेबलावर चार जाड पुस्तकं रचून त्यावर लॅपटॉप ठेवला. मी इस्त्रीची साडी नेसले.

निवांतला मी पहिल्यांदाच पाहत होते. गोल चेहरा, नीट विंचरलेले पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट. आवाज मऊ. बोलला छान, खोटं बोलायचं असल्याशिवाय इतकं छान बोलता येत नाही. शेवटी पाववाली बाई म्हणाली, "प्रश्न?" मी हात वर केला.

"नमस्कार सर. मी नवशिकी. एक शंका होती. शिंपी स्वतःसाठी शर्ट शिवतो, तो पुरुषी शिवेल की बायकी?"

दोन-चार जण हसले. तोही हसला. "ताई, असा कसा प्रश्न? पुरुषीच."

"मग यांच्या शर्टाची काजं उजव्या अंगाला कशी?"

तो फोटोकडे बघत राहिला. मला वाटतं, त्यानं तो शर्ट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "असेल... डावखुरा माणूस... त्याची सोय..."

"बरं. आणि हे बघा." मी दुसरा फोटो कॅमेऱ्यापुढे धरला. दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मास्तरांनी दुकानाच्या दारात काढलेला, वर दुकानाची पाटी सरळ वाचता येतेय. तोच शर्ट, काजं डावीकडे. तोच तीळ, डाव्या गालावर. कात्री उजव्या हातात, आणि शेजारी वेणी पुढे घेतलेली मी. मग पहिला प्रिंट धरला. "हे माझे वडील. उजवखुरे. हात कधी भाजला नाही, सुईसुद्धा कधी टोचली नाही. हा फोटो मी काढला आणि मीच छापला. छापताना निगेटिव्ह उलटी घातली. चूक माझी. बावीस वर्षं व्यवसायानं छपाई केली आणि माझ्याच बापाचा फोटो उलटा छापला, हे आज पहिल्यांदा लोकांत सांगतेय. सर, तुमची चाळीस वर्षांत एकदाही उलटी पडली नाही म्हणालात. मग ही माझी उलटी तुमच्याकडे कशी आली?"

"तुम्ही... कोण बोलताय?"

"मी चिमटा."

त्याच्या तोंडाचा रंग पडद्यावरही उतरलेला दिसला. "आवाज येत नाहीये," तो म्हणाला. आवाज सगळ्यांना नीट येत होता. त्यानं कशावर तरी बोट ठेवलं आणि कपाटासकट नाहीसा झाला.

पाववाल्या बाईनं त्याच दिवशी माफी मागितली आणि फोटोखाली माझं नाव घातलं. काहींनी लिहिलं, आजी, शाब्बास. काहींनी लिहिलं, सरळ सांगता आलं असतं, चार महिने गोड बोलून माणसाला खड्ड्यात घालणं बरं नव्हे. बाप त्यांचा नव्हता.

भांडणाचा धूर मात्र लांबून दिसतो. आठवड्याभरात गोगलगाय आला. "चिमटा काढल्याचा आवाज ऐकला, म्हटलं आपलीच बाई." मग डॉक्टरीण आली, एका वासराचा फोटो घेऊन. आता आम्ही सहा जण आहोत 'कण'मध्ये. तिथल्या तरुण पोरांना आमची जरा भीती वाटते, ते ठीकच आहे.

पंधरा दिवसांनी निवांतचं खाजगी पत्र आलं. "चिमटाताई, अंधारखोली गेली तेव्हा माझे सगळे फोटो गेले. कॉपी कुठेच नव्हती. प्रिंट मुलानं घर बदलताना टाकून दिले. नव्या ठिकाणी लोक विचारायचे, तुमचं काम दाखवा. दाखवायला काहीच नव्हतं. तुमचा तो एक फोटो मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता, कारण तो मला सगळ्यात आवडायचा. मोठ्या मनानं माफ करा."

सुनेनं ते दोनदा वाचलं. "आई, बिचारा खरं बोलतोय वाटतं."

"खरंच बोलतोय." मला ठाऊक होतं ते. पांढऱ्या पाटीपुढे मीही बसले होते. "म्हणून काय मी शेजाऱ्याचा बाप उचलून आणला का?"

मी उत्तर लिहिलं. "मन माझं मध्यम आकाराचं आहे. तुम्ही तो फोटो एकूण पाच ठिकाणी लावलात, मी शोधून काढलंय. 'कण'मधलं झालं. उरलेल्या चार ठिकाणी, त्याच फोटोखाली, स्वतःच्या हातानं लिहा: हा माणूस उजवखुरा होता, हात भाजला नव्हता, फोटो त्यांच्या मुलीचा आहे. पुसून पळायचं नाही. लिहायचं. मग माफीचं बघू."

त्यानं तीन ठिकाणी लिहिलंय. चौथ्या ठिकाणी त्याला फार मान आहे म्हणतात, तिथे बाबा अजून डावखुरेच आहेत. मी रोज सकाळी भांडी आवरली की तिथे जाऊन बघते. काल त्याचं पत्र आलं होतं, "ताई, तेवढं एक सोडा ना." मी ते उघडलं, वाचलं, आणि त्याला कळेल की वाचलंय, असं ठेवलं. उत्तर दिलेलं नाही.