मूळच आहे ते

थोरलीने खिडकीतली ऑर्किडची कुंडी उजेडाकडे फिरवली आणि तिचा चेहरा खुलला.

"अगं, दांडा आलाय की फुलांचा! ये, बघ तरी."

धाकटी सोफ्याच्या कडेला बसली होती, स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखी. ती उठली नाही. उठला तो तिचा नवरा. कप खाली ठेवून, बोटं रुमालाला पुसून तो खिडकीशी आला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकला.

"दांडा कसला, ताई? मूळ आहे ते. या झाडांची मुळं अशीच कुंडीबाहेर पडतात, हवेत लोंबतात. घराला अवकळा येते नुसती. मी कापत असतो अधूनमधून."

बोलणं लोण्यासारखं मऊ. या माणसाचा आवाज चढलेला थोरलीने कधी ऐकला नव्हता. सकाळी ती न कळवता दारात येऊन उभी राहिली, तेव्हाही तो हसूनच "या, या" म्हणाला होता. चहाही त्यानेच केला. थोरलीने धाकटीला विचारलं, "का गं, इतकी वाळलीस?" तर त्याचं उत्तरही त्यानेच दिलं.

"मूळ नाही हो," थोरली म्हणाली. "मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं, आणि पाणी कमी पडलं की ते रुपेरी दिसतं. हे बघा ना, पानाच्या बगलेतून निघालंय, टोक चपटं आहे, आणि कशी उजेडाकडे मान वर केलीय! मला मेलीला यातलं काय कळतंय? हिनेच शिकवलंय सगळं."

खोटं नव्हतं ते. लग्नाआधी धाकटी एका रोपवाटिकेत कामाला होती आणि तिथली सगळी ऑर्किडं तिच्या हाताखाली होती. थोरलीने एकदा दांडा समजून मुळालाच आधाराची काठी बांधली, तेव्हा धाकटी पोट धरधरून हसली होती. "ताई, उंदराला पगडी बांधलीस की गं!" पुढे आठवडाभर येईल त्याला तेच सांगत सुटली होती.

"असं म्हणता? मग तिलाच विचारू." नवऱ्याने टीव्हीखालच्या खणातून कात्री काढली. "काय गं, मूळ की दांडा?"

धाकटी कात्रीकडे पाहत होती. झाडाकडे तिने नजरही वळवली नाही.

"मूळच आहे ते, ताई."

कच्चकन आवाज झाला. तुकडा त्याने थोरलीच्याच बशीत ठेवला. कोवळ्या हिरव्या दांड्यावरची पेरं लख्ख दिसत होती. मुळाला पेरं नसतात. आंधळ्यानेही बोट फिरवून सांगितलं असतं.

एवढ्यात खालून हाक आली. "अहो, तुमची गाडी जरा पुढे घेता का? माझी आत येत नाहीये!"

"आलोच," म्हणत नवऱ्याने किल्ल्या उचलल्या. दार लागलं. मग बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला.

थोरली दाराकडे बघतच राहिली. "बाहेरून कुलूप?"

"सवय आहे त्यांना."

"आणि तुझी किल्ली?"

धाकटीने बाहीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला कुठे जायचं असतं?"

थोरली तिच्यासमोर जमिनीवर बसली. "खरं सांग. ते मूळ होतं?"

खाली गाडी सुरू झाली. धाकटीने तो आवाज पूर्ण ऐकून घेतला आणि मगच बोलली.

"पहिल्या वर्षी म्हटलं होतं मी, दांडा आहे म्हणून." तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला. "आता नाही म्हणत."

थोरली उठली. धाकटीच्या चपला दाराशी नव्हत्या. शोधता शोधता कपाटाच्या तळाशी सापडल्या, त्या आणून तिने धाकटीच्या पायांशी टाकल्या.

"घाल."

"ताई, ते येतील आता."

"येऊ देत. घाल म्हणते ना!"

जिन्यावर पावलं वाजली. एक नव्हे, दोन माणसांची. खालून हाक मारणारा शेजारी गाडी पुढे घेतल्याबद्दल आभार मानत बरोबरच वर येत होता. दार उघडलं तेव्हा थोरली धाकटीचा दंड घट्ट धरून उंबऱ्याशी उभी होती. आवाज तिने चारचौघांत काढतात तसा मोकळा काढला.

"बरं झालं, दोघंही भेटलात! हिला चार दिवस माहेरी नेतेय. आईने नुसता धोशा लावलाय हो."

नवऱ्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. किल्ल्या मात्र मुठीत आवळल्या गेल्या. "आत्ता? अहो, निदान जेवून तरी..."

"न्या हो, न्या!" शेजारी मध्येच गरजला. पिकल्या केसांचा, गप्पिष्ट गडी. "माहेरचं माणूस दारात आलं की नवऱ्याने मुकाट पिशवी उचलायची. आमच्या हिने एवढंच शिकवलं मला जन्मभर."

स्वतःच्या विनोदावर तो खदखदून हसला. नवऱ्यालाही हसावंच लागलं. त्याने भिंतीला टेकून वाट दिली. धाकटी जवळून जाऊ लागली तेव्हा त्याने तिच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"सावकाश ये," तो म्हणाला. "मी आहेच."

दोघी जिना उतरल्या. फाटकाबाहेर ऊन होतं, रहदारी होती. थोरली सकाळी टॅक्सीने थेट दारातच उतरली होती. तिला या गावातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

"बसस्टँड कुठल्या बाजूला गं?"

धाकटीने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जरा जास्त वेळ. या रस्त्यावर राहायला येऊन तिला पाच वर्षं झाली होती.

"कुणाला तरी विचारू या ना, ताई," ती म्हणाली.