दट्ट्याचा वॉशर

बेबीला क्लबची बंदूक चालली असती. तिच्या बापाला, लवू परबाला, चालत नव्हती. आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दादरच्या एका रायफल क्लबानं त्या हिवाळ्यात मुलींची तुकडी काढायची ठरवली होती. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी चाचणी होती. ज्या मुलीकडे बंदूक नसेल तिला क्लब छर्‍याची बंदूक देणार होता. स्वतःची असली तर तीही चालणार होती, पण चाचणी सुरू झाली की बंदूक बदलायची नाही, हा नियम. गणपतीच्या दिवसांत लालबागला फुगे फोडायच्या तक्त्यासमोर बेबी बंदूक घेऊन उभी राहिली की फुगेवाला हात जोडायचा. शाळेतल्या बाईंनी तिचं नाव पाठवलं तेव्हा लवूनं परस्पर कळवून टाकलं, बंदूक आमची आम्ही आणू.

"बाबा, क्लबचीच घेऊ या ना," बेबी म्हणाली.

"आपली असताना दुसर्‍याची कशाला? विव्हिंग मास्तरची बंदूक आहे ती!"

गिरणीच्या विणाई खात्याचा गोरा विव्हिंग मास्तर विलायतेला परत जाताना लवूच्या बापाला ही बंदूक देऊन गेला होता. नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची, अक्रोडी लाकडाचा दस्ता, बघत राहावं अशी. फक्त छर्रा जेमतेम समोरच्या पुठ्ठ्यापर्यंत जायचा आणि टप्पकन खाली पडायचा. लवू त्याच गिरणीत फिटर होता. त्यानं ती उघडली तेव्हा रोग लगेच सापडला. स्प्रिंग सुटली की आतला दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. त्या दट्ट्याच्या तोंडावरचा चामड्याचा वॉशर वाळून खारीक झाला होता. हवा बाजूनं पळत होती.

चिंचपोकळीला दत्तारामचं लेथचं दुकान होतं. त्यानं वॉशर बोटांत फिरवला. "असाच दुसरा कापून देतो. उद्या ने."

"असाच कशाला? ह्याच्याहून चांगला घालू."

"लवू, चांगली चाललेली वस्तू बिघडवायला तुला कुणी सांगितलं रे?"

"चाललेली कुठं आहे?"

मग लवूनं रबराचा वॉशर घातला. पहिल्या दिवशी छर्रा पुठ्ठ्याच्या आरपार गेला. दुसर्‍या दिवशी रबर तेलानं फुगलं आणि दट्ट्या मध्येच अडकला. लवूनं सगळी बंदूक पुन्हा उघडली. स्प्रिंग हातातून निसटून भांड्यांच्या फळीवर आदळली.

"अवो, तुमका दुसरो कामधंदो आसा की नाय?" त्याची बायको अंबिका ओरडली. "चेडवाची चाचणी आसा की तुमची?"

 लवू गिरणीतल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं चामडं घेऊन आला. कोमट पाण्यात भिजवलं, दत्तारामनं कातून दिलेल्या साच्यात दाबलं, सावलीत वाळवलं. कड वर वळलेली सुरेख वाटी तयार झाली. मूळ वॉशर सपाट होता. ही वाटी हवेच्या दाबानं फुलून नळकांड्याला घट्ट बसणार होती. आता चामडं मऊ राहायला तेल हवं. गिरणीत चात्यांना घालतात ते स्पिंडलचं तेल त्यानं सढळ हातानं पाजलं आणि गॅलरीतून निशाण धरून चाप ओढला.

धाड्!

नळीतून निळा धूर आला. दाबलेल्या हवेनं आतलं तेलच पेटलं होतं. लवूला ते कळेपर्यंत चाळीतली दारं धडाधड बंद झाली. खाली मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या सभेचे कागद भिंतीवर चिकटवणारी पोरं खळीचा डबा टाकून जिन्याखाली शिरली. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ह्याच रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्या सुटल्या होत्या. तो आवाज कुणी विसरलं नव्हतं. शेजारची गंगुबाई गेलेल्या मुलाच्या दोन्ही पोरांना पोटाशी धरून पलंगाखाली गेली होती; बाहेर आली ती थेट लवूच्या दारात.

"मेल्या, माझो झील गेलो तेव्हा असोच आवाज इलो होतो."

लवूनं बंदूक भिंतीला टेकवली.  संध्याकाळी चाळीतली चार माणसं येऊन बसली. पुन्हा असा आवाज झाला तर बंदूक चाळीत ठेवायची नाही, एवढंच सांगून गेली.

म्हणजे सहज पेटणारं तेल नको. स्टोव्हच्या पंपातही असाच चामड्याचा वॉशर असतो, आणि तो सुकला की लालबाग-परळच्या घराघरात एकच इलाज होतो: खोबरेल तेलाचे दोन थेंब. लवूनंही तोच केला. वाटी खोबरेलात मुरवली, पुसली, बसवली. संध्याकाळी घरात, स्टोव्ह भुरभुरत असताना, दार लावून त्यानं बेबीच्या हाती बंदूक दिली. आवाज नाही, धूर नाही. छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे गेले.

"बघितलंस?" लवू म्हणाला.

"चांगली झाली," बेबी म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

रविवारी पहाटे मुंबईला मानवणार नाही अशी थंडी पडली होती. मैदानावर दव होतं. क्लबचे सेक्रेटरी, गिरगावचे मनमोहन विजयकर, गळ्यात मफलर गुंडाळून उभे होते. बेबीनं नेम धरला. फुस्स. छर्रा निशाणाच्या पार खाली, ते बांधलेल्या बांबूवर आपटला. दुसरा त्याच्याही खाली.

बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीखालून जाऊन लवूनं बंदूक हातात घेतली. नळी वाकवून मागच्या भोकावर करंगळी फिरवली. बोटाला पांढरट, मेणासारखं काहीतरी लागलं. खोबरेल थिजलं होतं. चामडं लाकडासारखं झालं होतं. त्याच पहाटे अंबिकानं खोबरेलाची बाटली स्टोव्हजवळ धरून तेल पातळ केलं होतं आणि बेबीच्या वेण्या घातल्या होत्या. लवू समोर बसून चहा पीत होता.

"साहेब, हिला क्लबची द्या. बंदुकीचा दोष आहे, पोरीचा नाही."

"परब, मला दिसतंय ते," विजयकर म्हणाले. "पण चाचणी सुरू झाली. आणखी दहा जणींचे बाप इथं उभे आहेत. त्यांना काय सांगू? आता दोरीबाहेर व्हा; तिथून एक शब्द बोललात तर हिला बाद करावं लागेल."

"बाबा, बाजूला व्हा," बेबी म्हणाली.

तिनं निशाणाच्या वर, कोर्‍या कागदावर नेम धरला. छर्रा खाली येत येत काळ्या वर्तुळात बसला. पुढचा त्याच्या शेजारी. बंदूक किती दगा देते याचं माप तिनं दोन फैरींत काढलं होतं. विजयकरांनी मफलर सैल केला आणि जवळ येऊन बघू लागले. लवूनं श्वास सोडला.

तोवर ऊन बेबीच्या खांद्यावर आलं होतं. बंदुकीच्या काळ्या नळकांड्यावरही आलं होतं. दट्ट्याच्या घासण्यानं आतही ऊब धरली होती, म्हणजे थिजलेलं खोबरेल पुन्हा पातळ होत होतं. लवूला ते उमगलं तेव्हा बेबीनं पुन्हा वरच नेम धरला होता. ओरडावं तर दोरीबाहेरून बोलायला बंदी. बोललं की पोरगी बाद. त्यानं दोन्ही मुठी आवळल्या.

या वेळी फुस्स झालं नाही. खण्णकन आवाज आला. छर्रा सरळ गेला, तिनं नेम धरला होता तिथंच, कोर्‍या कागदात. त्यानंतरचाही. तिनं नेम खाली आणला तेव्हा एकच छर्रा उरला होता. तो अगदी मधोमध लागला.

निवड झालेल्या मुलींची नावं वाचली गेली. बेबीचं नव्हतं. विजयकर मुद्दाम चालत आले. "पावसाळ्यानंतर पुन्हा चाचणी आहे. ये." मग लवूकडे वळून म्हणाले, "नेम आहे हिला."

"ते मला माहीत आहे," लवू म्हणाला. 

परळपर्यंत दोघं चालत आले. बंदूक लवूच्या खांद्यावर होती. भोईवाड्याच्या नाक्यावर तो थांबला. "वॉशर चरबीत मुरवायला हवा होता, ती थंडीत-उन्हात सारखीच राहते. सुताला खळ देतात त्या सायझिंग खात्यात चरबी असते. पावसाळ्यापर्यंत मी असा वॉशर करतो, की..."

"बाबा."

"काय?"

"पावसाळ्यानंतर मी क्लबची घेणार."

वाटीची कड किती ठेवायची, चरबी किती गरम करायची, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं. बेबी उत्तराची वाट बघत उभी होती. डोळे लाल होते, पण आवाज चढलेला नव्हता.

"घे," लवू म्हणाला.

ती पुढे चालू लागली. लवूनं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तिच्या मागोमाग निघाला.