बावीस पाठी, चौदा खांब

गुरुवारी सकाळी सव्वानऊच्या बसमधून फुआतिनो गावात उतरली तेव्हा तिच्या काखेत आराखड्याची गुंडाळी होती. अर्ध्या तासात सही घ्यायची आणि त्याच बसने राजधानी आपियाला परतायचं, असा तिचा बेत होता. आपियाच्या तंत्रशाळेत ती इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती. दोन वर्षं संपत आली होती. शेवटची अट अशी, की आराखडा खऱ्या बांधकामाचा हवा आणि ज्यांची इमारत त्यांची त्यावर सही हवी. मुदत शुक्रवारी दुपारी बारा. ती चुकली तर वर्ष गेलं, आणि सोमवारपासून एका आरेखन कार्यालयात ठरलेली नोकरीही गेली.

तिने आपल्याच, म्हणजे आमच्या गावाचं नवं सभाघर निवडलं होतं. जुनं वादळात उडून गेल्यापासून गावसभा चर्चच्या पडवीत भरायची. तिथे बावीस घराण्यांचे बावीस मताई, म्हणजे कुलप्रमुख, तिची वाट पाहत बसले होते. तिने कागद चटईवर पसरला. लंबगोल इमारत, उंच छप्पर, आमच्या रीतीप्रमाणे भिंती नाहीत, कडेने काँक्रीटचे खांब. तंत्रशाळेच्या पेनिआमिना सरांनी गणित तपासून शाबासकी दिली होती. मताईंनीही माना डोलावल्या. छपराचं कौतुक झालं, कोको आला, पॅनकेक आले.

गावातर्फे बोलण्याचा मान उलुफाले यांचा. ते मात्र बोलत नव्हते. बोट कागदावर फिरवत होते. एकदा फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं.

“पोरी, हे चौदा आहेत.”

“हो काका. गणितात चौदा पुरतात.”

“कुणाला पुरतात?”

“छपराला.”

“छप्पर सभेला बसत नाही, बाय.”

फुआतिनोने हातातला पॅनकेक खाली ठेवला. सभेत प्रत्येक मताई आपल्या घराण्याच्या खांबाला पाठ टेकून बसतो. कोणता खांब कुणाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी तिने स्वतः त्याच सभेत पंख्याने माश्या वारल्या होत्या. पण कमी खांबांत मोठं छप्पर ते चांगलं आरेखन, हे दोन वर्षं घोकता घोकता आठ मताईंच्या पाठीमागचा आधार तिने काढून टाकला होता.

कोणते आठ, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो असभ्यपणा झाला असता. त्याऐवजी प्रत्येकाने शेजाऱ्याची काळजी सुरू केली. माफुआ म्हणाले, माझं काही नाही, पण उलुफाले बसणार कुठे? उलुफाले म्हणाले, मी काय, उभा राहूनच बोलतो. पण माफुआंचा देह पाहता त्यांना आधाराविना बसवणं म्हणजे पाप. मग माफुआंच्या देहावर चर्चा झाली, त्यात त्यांनीही आनंदाने भाग घेतला. एवढ्यात बस भोंगा वाजवून निघून गेली.

फुआतिनोने कागद गुंडाळला आणि सगळ्यांना रग्बीच्या मैदानावर यायची विनंती केली. सराव करणाऱ्या पोरांना तिने कडेला घालवलं, रेषा मारायची चुन्याची गाडी घेतली आणि गवतावर सभाघर काढलं, अगदी खऱ्या मापाचं. मग म्हणाली, आता नेहमीसारखे बसा.

बावीस मताई भर उन्हात, छत्र्या उघडून, मान राखत आपापल्या जागी बसले. मागे टेकायला हवेशिवाय काही नव्हतं, म्हणून सगळे किंचित मागे झुकून पोट आत घेत होते. गोलपोस्टला लटकलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. फुआतिनो टेप घेऊन पाठीमागून फिरली आणि पाठ ते पाठ अंतरं लिहीत गेली. माफुआंच्या मागे टेप दोनदा लावावी लागली.

मग तिने तोड सांगितली. छप्पर चौदा काँक्रीटचे खांब धरतील, त्यांच्यामध्ये आठ बारीक लाकडी खांब, फक्त टेकायला. प्रत्येक पाठीमागे तिने चुन्याने तशी खूण केली.

पुन्हा अडचण. टेकायच्या खांबाला टेकणार कोण? सभेत ज्याच्या खांबावर काहीच नाही, त्याच्या शब्दाला वजन ते काय? माफुआ हळूच चौथ्या, लाकडी खांबाच्या खुणेवरून पाचव्या खुणेकडे सरकले. पाचवे सहाव्याकडे. चुन्याचं सभाघर घड्याळाच्या काट्यासारखं फिरू लागलं.

तेव्हा तुइसेगा बोलले. ते आमचे सर्वांत मोठे मताई, वय शहाऐंशी. ते म्हणाले, “मला लाकडीच दे गं. या वयात छप्पर कशाला पाठीवर?”

सगळे थांबले. तुइसेगांना लाकडी? मग लाकडीच मानाचा. पाच मिनिटांत एकवीस मताईंनी, आपलाही देह थकलाय, असं नम्रपणे कळवलं. छप्पर धरायला कुणीच उरलं नाही.

फुआतिनो मैदानाच्या मधोमध बसली आणि इतकी हसली की पेन्सिल हातातून पडली. आधी तुइसेगा हसले, मग बाकीच्यांना हसायची मुभा मिळाली. हसता हसताच ती उठली, चुन्याची गाडी घेऊन मताईंच्या पाठीमागून, हातभर अंतर ठेवून, दुसरी लंबगोल रेषा मारत गेली. बाहेर चौदा काँक्रीटचे, ते छपराचे. आत बावीस लाकडी, ते मताईंचे. सगळे सारखे, सगळे बिनओझ्याचे.

“आता पटतंय,” उलुफाले म्हणाले. “जे राबतात ते बाहेर, जे बोलतात ते आत. गावाची रीतच आहे.”

नवा आराखडा तिने पडवीतच हाताने काढला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की गावात कामं थांबतात, त्याच्या आत तो पुरा करायचा होता, म्हणून दोन मताई कागदाचे कोपरे धरून बसले आणि तिसरे पंखा हलवत राहिले. तुइसेगांनी सही केली. एक पुरली असती, पण मग उरलेल्यांनीही मानाच्या क्रमाने केल्या.

शुक्रवारी साडेअकराला आराखडा पेनिआमिना सरांच्या टेबलावर होता. त्यांनी गणित पाहिलं. बाहेरचे चौदा ठीक होते. मग त्यांचं बोट आतल्या ओळीवर आलं.

“हे बावीस काय धरतात?”

“काही नाही सर.”

नियमाप्रमाणे प्रत्येक खांबाचं काम लिहावं लागतं. तिने लिहिलं होतं: पाठ टेकण्यासाठी. पुढे एकेका मताईचं नाव आणि अंतर. सरांनी बावीसच्या बावीस नावं वाचली. मग ते खुर्चीवरून उठले, जमिनीवर मांडी घालून भिंतीला टेकले आणि दोन्ही कोपरं पसरून पाहिली.

“चौथ्याला इतकी जागा पुरणार नाही,” ते म्हणाले.

“मी स्वतः मोजलंय सर.”

“तू पोट आत घेतलेलं मोजलंस. माफुआ माझ्या बायकोचा मामा आहे.”

त्यांनी बसल्या बसल्या पेन्सिल मागितली, चौथ्या खांबाचं अंतर वीस सेंटीमीटरने वाढवलं, आणि बाराला दहा कमी असताना शिक्का मारला.