शेवटच्या खांबावरचे वेटोळे

वायरमनकाकांच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्याच वर्षी मी आमच्या गल्लीच्या शेवटच्या खांबावर चढले. मित्रांनो, मी एक केबल आहे. माझ्या पोटात केसाएवढी बारीक काच आहे. तिच्यातून उजेड धावतो आणि घराघरांत इंटरनेट पोचते. माझ्या बाकीच्या अंगाने अठरा घरे जोडली. मी उरलेले टोक, वेटोळे होऊन वर लटकले.

खांबाच्या पुढे एकच घर होते. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते, त्यांच्या धाकट्या बहिणीलाही नाही. दोघी हातांनी बोलत. बहीण लग्न होऊन लांब गेली आणि बोलणे तुटले. नुसता आवाज पोचवणारा फोन त्यांच्या काय कामाचा?

एका घरासाठी खर्च परवडत नाही, पुढच्या वर्षी बघू, असे कंपनीचे म्हणणे होते. टोकाला दहा पावले केबल राखायचा नियम होता. काकांनी मावशींच्या खिडकीपर्यंत पावले मोजली आणि ऐंशी राखली.

“एवढी कशाला? काप ती,” साहेब म्हणाले.

“आज कापली तर उद्या वाढणार नाही, साहेब. केस आहेत का ते?”

साहेबांनी हसू दाबले. “राहू दे. पण कागदावर मी दहाच लिहितो.”

चार वर्षे गेली. ते पुढचे वर्ष काही उजाडले नाही. ऊन, धूळ, कावळ्यांच्या चोची मी सोसल्या. एका दुकानदाराने माझ्यावर फलक टांगला. फार वाकले की माझी काच तुटते, हे त्याला कुठे ठाऊक? काका तेव्हा निवृत्त झाले होते, तरी त्याच्याशी भांडून त्यांनी तो काढायला लावला.

इकडे मावशींची नजर मंदावू लागली. फार तर वर्षभर दिसेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच सुमारास शेवटचे घरही जोडायचा हुकूम निघाला. कामाला आलेल्या मुलीने कागद पाहिला. दहा पावले. केबल पुरणार नाही, नवी यायला सहा महिने लागतील, असे तिने मावशींना वहीत लिहून दाखवले. मावशी सुई ओवत होत्या. ती त्यांनी खाली ठेवली.

कळताच काका काठी टेकत आले. “पोरी, तो कागद खिशात ठेव. वर चढ आणि मोज.”

मी उलगडले. खिडकीतून आत पोचले, तरी हातभर उरले.

पडद्यावर धाकटी बहीण दिसली. दोघींचे हात एकदमच बोलू लागले आणि मध्येच दोघी हसल्या. काय म्हणाली, असे काकांनी खुणेने विचारले. मावशींनी वहीत लिहिले, ‘म्हणते, म्हातारी झालीस.’

मावशींना पुढे अकरा महिने दिसत होते. एकही संध्याकाळ त्यांनी वाया घालवली नाही.

मित्रांनो, खांबावर असे वेटोळे दिसले तर दोरी समजून ओढू नका, त्यावर काही टांगू नका. ते कुणाच्या तरी घरासाठी राखलेले असते.

वायरमनकाका त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी गेले. त्यांची जुळी नातवंडे तेव्हा पाच वर्षांची होती.