ढब्बूची गाठ

विश्राम देवस्थळींच्या हाताला ती गाठ लागली सोमवारी संध्याकाळी. नात सान्वी क्लासला गेलेली. तिचा हॅमस्टर त्यांनी पिंजऱ्यातून काढून तळहातावर घेतला, तर डाव्या गालामागे करवंदाएवढं काहीतरी टणक. ढब्बू दोन वर्षांचा, म्हणजे त्याच्या जातीत म्हाताराच. या वयात या उंदरांना ट्यूमर होतात, असं विश्रामनी मोबाइलवर वाचलं आणि धसकाच घेतला.

बुधवारी त्याला डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यात प्राण्यांच्या डॉक्टर नीरजा यांच्याकडे नेलं, तर गाठ गायब. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. घरी होती, दवाखान्यात नाही.

"बाबा, भास होतायत तुम्हाला," मुलगा विनीत म्हणाला. "परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेलेलात."

आता आली पंचाईत. गाठ खरी असेल तर ढब्बू जाणार, आणि खोटी असेल तर आपलं डोकं. विश्राम देवापुढे हात जोडून उभे राहत, पण मागायचं काय तेच कळेना. एकदा तर गाठ खरी निघू दे, असंच मागून बसले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या सोमवारची गाठ मात्र मंगळवारी सकाळीही जागेवर होती. सान्वीला शाळेला सुट्टी, तीही बरोबर आली. डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. "आहे हो काका," म्हणाल्या. विश्रामना हायसं वाटलं आणि लगेच ढब्बूकडे बघवेना. डॉक्टरांनी ढब्बूचं तोंड उघडून चिमटा आत घातला आणि चिकट लगदा बाहेर काढला. साबुदाणा, दाण्याचं कूट.

"गाठ कसली, फराळ आहे हा. गालातल्या पिशवीत साठवतात हे. एरवी बाहेर काढून ठेवत असेल, या वेळी चिकटून बसला. कोण देतं याला खिचडी?"

"कुणीच नाही," विश्राम म्हणाले.

"आजोबा, तुम्हीच तर देता," सान्वी म्हणाली. "दर सोमवारी दुपारी, तुमच्या ताटातली. म्हणता, आजी गेल्यापासून उपवासाला जोडीदार नाही."

विश्रामनी आठवून पाहिलं. सोमवार आठवला, खिचडी आठवली, ताटावर एकटं बसलेलं आठवलं. ढब्बू काही आठवेना. दोघी हसत होत्या म्हणून तेही हसले.

सान्वी पिंजरा घेऊन बाहेर पडली. विश्राम दाराशी घुटमळले आणि मागे वळले.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "माणसाचं असं काही असलं, तर कुणाला दाखवायचं?"